पाच घमेली गांडुळं

"माती मागून राह्यलो, तुह्या अंगावरचा दागिना नाई," नानाजी म्हणाले.

"दागिना मागतला असता तं काढून देल्ला असता," रुखमाबाई चुलीतलं लाकूड पुढे सारत म्हणाल्या. "माती नाई भेटत."

भांडण सकाळच्या चहापासून चाललं होतं आणि आता भात शिजत आला होता. मागणी तशी साधी होती. उद्या शेतीखात्याचे साहेब ब्रह्मपुरीच्या कॉलेजातली पोरं घेऊन येणार होते. नानाजींच्या सडकेवरच्या बांधीत, धानाच्या बांध घातलेल्या तुकड्यात, खड्डा खोदून ते गांडुळं मोजणार होते, आणि त्या बांधीत गांडूळ औषधालाही नव्हतं. तेव्हा रुखमाबाईंच्या नाल्याकाठच्या बांधीतली पाच घमेली माती, आतल्या गांडुळांसकट, संध्याकाळपर्यंत सडकेवर पोचवायची होती.

याची सुरुवात दोन वर्षांपूर्वीची. धान कापल्यावर अर्धी बांधी नांगरा, अर्धी तशीच ठेवा, शेणखत दोन्हींत सारखं घाला आणि हरभरा पेरा, असं साहेबांनी सांगितलं होतं. तसा फलकही लागला. नानाजी तो रोज गमछ्यानं पुसत. पण अर्धी बांधी धसकटांसकट सडकेवर उघडी पडलेली त्यांना बघवेना. एस.टी.तून जाणारा माणूस काय म्हणेल? नानाजीले ट्रॅक्टर भेटला नाई? आठ दिवस त्यांनी कळ काढली आणि नवव्या पहाटे मुलाला, प्रफुलला, तिथेही रोटाव्हेटर फिरवायला लावला. वरून धानाचं वाळलं तणीस पसरून नांगरट झाकली. हरभरा दोन्हीकडे सारखाच आला. यायचाच होता. साहेबांनी वहीत लिहिलं, 'न नांगरताही तितकंच उत्पन्न.'

नानाजींना शाल मिळाली. तेव्हापासून ते गावोगाव नांगरटीविरुद्ध भाषण देत. भाषण झकास होतं. आईच्या पोटावरून रोटाव्हेटर फिरवता का, असं ते विचारत तेव्हा पुढे बसलेल्या बाया डोळ्यांना पदर लावत.

रुखमाबाईंच्या बांधीला कोणी आई म्हटलं नव्हतं. तिथे एस.टी. जात नव्हती, म्हणून ट्रॅक्टरही जात नव्हता. रोवणीपुरता बैलांनी चिखल होई, तेवढाच. पुढे उभ्या धानात, ओल असतानाच, रुखमाबाई लाखोळीच्या डाळीचं बी फेकत. त्यांची सासूही तशीच फेकत असे. गोठ्यातलं खत गाडीनं सडकेवरच्या बांधीत जाई. उकिरड्याच्या तळाचं मुरलेलं तेवढं त्या टोपलीनं डोक्यावरून नाल्यावर नेत. आता त्या मातीत हात घातला की मनगटापर्यंत जाई.

"बाबा, पण गांडुळं थांबतीन का तिथी?" प्रफुलनं विचारलं. "खाली तं टणक हाय."

"जातीन कुठी? बाजूले डांबरी सडक हाय."

"आन् फुलावर आलेली लाखोळी उपटून माती काढसान?" रुखमाबाई म्हणाल्या. "जगाले सांगता नांगरू नका, अन् घरी लपून नांगरता."

"भाषण अलग, बांधी अलग."

सून दिव्यानी हसू दाबायला पाण्याच्या माठाकडे वळली. नानाजींचा आवाज एकदम खाली आला.

"प्रफुलची माय, उद्या एकही नाई निघाला तं मी चौकात कोणत्या तोंडानं बसू? दोन वर्षं लोकाईले सांगतलं. खोटा ठरन मी."

रुखमाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. गंमत अशी की भाषणातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. ते ठाऊक नव्हतं फक्त बोलणाऱ्याला.

त्यांनी भात उतरवला आणि हात पुसले.

"उद्या साहेबाईले मी नाल्यावर नेईन. खड्डा तिथीच होईल, एकच, बांधाच्या कडेनं. सडकेची बांधी दोन्ही अंगानं नांगरली होती, हे तुमी आपल्या तोंडानं सांगसान. आन् प्रफुल, यापुढं धान निघाल्यावर तिथी रोटाव्हेटर उतरणार नाई. धसकटं दिसली तं दिसू दे. हे जमत नसन तं गोठ्यातलं सारं खत यंदापासून नाल्यावर जाईल."

त्यांनी ताटं मांडायला घेतली.

"माहं ठरलं. जेवाले बसा."