दादाचं नाक

माझा थोरला भाऊ तंबाखू विक्रीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्यात निरीक्षक आहे. दुकानदार त्याला टरकून असतात. ओळख काढणाऱ्याला तो म्हणतो, "माझा सख्खा बाप गल्ल्यावर असला तरी सोडणार नाही."

आमच्याकडे आला की चपला काढायच्या आत माझ्या लेकीला हाक मारायचा, "ये चिमणे, फुंकर मार." ती मारायची. डोळे मिटून हुंगत तो जाहीर करायचा, "पास!" मला जरा हायसं वाटायचं.

ती कॉलेजात गेली आणि फुंकरीला स्ट्रॉबेरीचा वास येऊ लागला. "गोळ्या कमी खा, दात किडतील," दादा म्हणाला आणि पास करून मोकळा झाला. जन्मभर विडी-सिगारेटचा धूर ओळखणारं नाक ते. ई-सिगारेट त्याला गोळीच वाटली.

मग कॉलेजसमोरच्या स्टेशनरीवाल्यावर धाड पडली. ई-सिगारेट विकायला बंदीच आहे, पण माल तो दुकानात ठेवत नसे; घेणारं गिऱ्हाईक रंगेहाथ सापडलं तरच गुन्हा सिद्ध होणार होता. दादा आत शिरला तेव्हा काउंटरपाशी एकच गिऱ्हाईक होतं. सतरा वर्षांची माझी लेक, हातात नवीकोरी गुलाबी नळी घेऊन.

"मामा..." ती म्हणाली.

स्टेशनरीवाला हसला. "मामा का? मग घ्या की भाचीचा जबाब!"

दादाने तिच्या हातातली नळी काढून घेतली आणि सोबतच्या शिपायाला सांगितलं, "ही वह्या घ्यायला आली होती. जाऊ दे तिला."

संध्याकाळी तिला घेऊन आला तेव्हा मी म्हटलं, "दादा, जबाब घे. दुकान तरी बंद होईल."

"खुळी का तू? कॉलेजभर बोभाटा होईल. पोरीला तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

"आणि बाकीच्या पोरींचं काय?"

"त्यांचे मामा बघतील."

ना गिऱ्हाईक दाखवता आलं ना माल, म्हणून प्रकरण निकालात निघालं. स्टेशनरीवाल्याने दुकानावर नवी पाटी लावली, 'येथे फक्त वह्या-पुस्तकं मिळतील.' लेक आता मागच्या गल्लीने घरी येते, म्हणजे दुकान वाटेत लागत नाही, असं म्हणते. मी विश्वास ठेवते. रात्री पलीकडच्या खोलीतून तिचा खोकला ऐकू येतो, तेवढ्यापुरता तो विश्वास डळमळतो.

रविवारी दादा आला. सवयीने ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, गाल फुगवून.

त्याने मान वळवली. "आज नको," म्हणाला, "मला सर्दी झालीये."