बांधावरची पाथरी

दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या हिवाळ्यात बेळगावच्या एका दवाखान्यात माझ्या आक्काच्या यकृतातून नारळाएवढी पाण्याची गाठ काढली. आक्का वाचली.

गाठ जंताची होती. हा जंत मेंढीच्या काळजात, म्हणजे यकृतात, पाण्याचे फोड होऊन राहतो. ते काळीज कुत्र्यानं खाल्लं की त्याच्या आतड्यात जंत वाढतात आणि विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. अंडी माणसाच्या पोटात गेली तर गाठ धरते, पण ती हाताला लागायला वर्षं जातात. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा आक्कानं एवढंच विचारलं, "मग माझ्या पोरीला बी आसंल?"

मुलगी लहान होती. डॉक्टरांनी तिचं पोट चाचपलं. काही लागलं नाही. आज लागलं नाही म्हणजे आत नाहीच असं धरू नका, असं ते म्हणाले, आणि घरात कुत्रं कधीपासून आहे ते विचारलं.

आक्काच्या घरी कुत्रं कधीच नव्हतं.

"कुत्रं पाळत न्हाय म्हणून सासू बोलत्या," आक्का मला म्हणाली, "आनि पाळलं आसंल म्हणून ह्यो डाक्टर. सांग की रं ह्याला कायतरी."

होळीनंतर डॉक्टर एका जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन निपाणीजवळ तिच्या गावी आले. मीही होतो. तंबाखू निघालेल्या रानात खतासाठी धनगरांची मेंढरं बसवली होती. सगळ्यांचा संशय त्यांच्या कुत्र्यांवर होता.

"कुत्र्यास्नी कच्चं काळीज दावत न्हाय आमी," म्हातारा धनगर म्हणाला. "येकदा चव लागली की कळपावरच त्वांड टाकत्यात."

"मग फोड आलेलं काळीज कुठं जातं?" जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"बांधाला टाकतो. कोल्ही खात्यात. प्वाट भरलं म्हंजी कोकराला हात लावत न्हाईत."

"कोल्ह्याला हात कवापास्नं आलं, आप्पा?" आक्काचे यजमान म्हणाले. धनगरही हसला.

त्या आठवड्यात गावकऱ्यांनी एक कोल्हा मारला. जनावरांच्या डॉक्टरांनी तो फाडला. आतड्याला आतून, कुत्र्यात वाढतात तेच, तिळाएवढे पांढरे जंत चिकटले होते.

त्याच बांधाच्या कडेनं विहिरीचा पाट जात होता. पाटाच्या ओलीवर पाथरी उगवायची. ही भाजी आमच्याकडे शिजवत नाहीत. रानातलं तण भांगलताना उपटायची, माती झटकायची आणि भाकरीबरोबर कच्ची खायची. धुतली तर पानातला चीक जातो आणि चीक अंगाला चांगला, असं बायका मानत. आक्का आणि तिची मुलगी रानात असल्या की रोज खात.

धनगरानं खराब काळीज जाळायचं कबूल केलं. यजमानांनी पाटाकडेची पाथरी खुरप्यानं काढून टाकली. दरवर्षी दिवाळीनंतर आक्का मुलीला घेऊन बेळगावात टिळकवाडीला माझ्याकडे उतरायची, आणि आम्ही तिला दवाखान्यात न्यायचो. डॉक्टर पोट दाबत तेव्हा आक्का त्यांच्या बोटांकडे बघत राही. दरवर्षी काही लागत नसे. परत जाताना ती मुलीसाठी बांगड्या घ्यायची.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी मुलीचं लग्न ठरलं. दिवाळीनंतर आक्का तिला घेऊन आली. मुलीच्या उजव्या बरगडीखाली डॉक्टरांच्या बोटांना गाठ लागली.