कंपाउंडरच्या पेटीवरचा हिरवा रंग

पेंटरला त्याच्या भागात सगळे ‘पक्के’ म्हणत, आणि ते नाव त्याने स्वतःच स्वतःला मिळवून दिले होते. भिंतीवर शेवटचा हात फिरवून झाला की तो शिडीवरून उतरे, दोन पावले मागे सरके, हात फडक्याला पुसत मालकाला सांगे, “माझी हयात संपेल, हा रंग निघायचा नाही.” पस्तीस वर्षांत त्याने हे वाक्य शाळेपासून दवाखान्यापर्यंत सर्वत्र उच्चारले होते. ते पडताळून पाहण्याची गरज कुणालाच पडली नव्हती, कारण रंग उडण्याआधी बहुतेक घरांचे मालक बदलत आणि नव्या मालकाला जुना रंग आवडत नसे. म्हणजे पेंटरची कीर्ती लोकांच्या चंचलपणावर उभी होती. पण तसे पाहिले तर कुणाची नसते?

स्वभावाने माणूस सरळ. कुणाच्याही घरी गेला की आधी बोटाच्या पेराने भिंत वाजवून पाहायचा आणि मग ‘कसं काय’ विचारायचा. माणसे त्याला रंगांवरून लक्षात राहत. व्याही म्हणजे फिका बदामी, ओल आलेला. मेहुणा म्हणजे चुना, हात लावला की अंगाला येणारा. धाकट्या भावाच्या रंगाचा विषय मात्र घरात काढत नसत. तो फिकट हिरवा होता.

त्याचे असे झाले. धाकटा गिटार वाजवायचा. उमेदीच्या काळात त्याने एका मोडत्या वाद्यवृंदाकडून जुना अ‍ॅम्प्लिफायर मिळवला होता. आत काचेचे व्हॉल्व्ह, बाहेर लाकडी पेटीवर काळे, मगरीच्या कातडीसारख्या बारीक नक्षीचे रेक्झिन. आवाज असा की खोलीतली भांडी सुरात थरथरावीत. पहिला मोठा कार्यक्रम ठरला तेव्हा थोरल्याला वाटले, आपणही काही द्यावे. देण्यासारखे त्याच्यापाशी एकच होते. एका दवाखान्याच्या बोळाचे काम नुकतेच संपले होते आणि डब्यात दीड लिटर ऑईल पेंट उरला होता. धाकटा बाहेर गेलेला पाहून त्याने पेटीच्या पुढच्या कापडाला वर्तमानपत्र चिकटवले, रेक्झिनवर दोन हात दिले आणि संध्याकाळी भावाला डोळे मिटायला लावून खोलीत आणले.

दुसऱ्या दिवशी रंगमंचाचा पडदा उघडला, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी विचारले, “औषधाचं कपाट कशाला आणलंय?” सगळे सभागृह हसले. त्या दिवसापासून वादकांच्या अख्ख्या वर्तुळात धाकट्याचे नाव ‘कंपाउंडर’ पडले, ते आजतागायत. त्याने कितीही गंभीर वाजवले तरी ऐकणारे हटकून खोकत.

घरी येऊन त्याने थोरल्याला एवढेच म्हटले की हा रंग काढ. चुकलो, एवढे थोरल्याने म्हटले असते तरी भागले असते. पण धंद्याची जीभ आडवी आली. पेंटर म्हणाला, “माझा रंग निघत नसतो.” त्यावर धाकटा म्हणाला, “मग तो निघेल त्या दिवशीच तुझ्या उंबरठ्याच्या आत येईन.”

असल्या प्रतिज्ञा घराघरांत होतात आणि बहुतेक सणक ओसरताच विरतात. ही बावीस वर्षे टिकली, कारण तिच्याभोवती सगळ्यांनी सोय करून ठेवली. आई थोरल्याकडे राहायची. दर रविवारी चार वाजता धाकटा यायचा, जिन्याच्या वळणावर थांबायचा. आई बाहेर जाऊन त्याच्याशी तासभर बोलायची. पेंटर तेवढा वेळ गच्चीवर जाऊन पाण्याची टाकी तपासायचा. शहरात इतकी तपासलेली टाकी दुसरी नसेल. पेंटरची बायको दोघांचे निरोप वर-खाली पोचवायची आणि पोचवताना त्यातले बोचरे शब्द काढून टाकायची. एकंदरीत भांडण फार सलोख्याने चालले होते.

मग आई न्हाणीघरात घसरली. खुब्याचे हाड मोडले, आत सळई घालावी लागली. इस्पितळात धाकटा रोज हजर असे, कारण इस्पितळ काही थोरल्याचे घर नव्हते. पण आईला घरी आणले, तीन महिने पलंगावरून हलायचे नाही असे डॉक्टरांनी बजावले, आणि अडचण उभी राहिली. आई बाहेर येऊ शकत नव्हती, धाकटा आत येऊ शकत नव्हता. दोन रविवार तो उघड्या दाराबाहेर उभा राहून आतल्या खोलीच्या दिशेने मोठ्याने बोलला. आई आतून “हो, हो” म्हणत राहिली. पेंटर नेहमीप्रमाणे गच्चीवर टाकीपाशी होता; शेजाऱ्यांनी मात्र आपापली दारे जरा जास्तच उघडी ठेवली.

तिसऱ्या रविवारच्या आधी, मंगळवारी, एक हमाल ती हिरवी पेटी दारात ठेवून गेला. सोबत वहिनीसाठी फोनवर निरोप आला. शब्द असे होते: “दादाला म्हणावं, निघतोय का बघ.”

पेंटरला हा विजयही वाटला आणि पराभवही. भाऊ नमला होता, पण त्याला आत घ्यायचे तर स्वतःचाच रंग उतरवून दाखवायचा होता. निघाला तर पस्तीस वर्षांचे वाक्य खोटे. न निघाला तर आईच्या पलंगाशेजारची जागा रिकामी. त्याने पेटी बाल्कनीत घेतली आणि तिच्याकडे पाहत बराच वेळ बसला.

रंग काढणे म्हणजे काय, याची त्याची कल्पना धंद्याने घडवलेली होती. पत्रा मारून खरवडायचे, दिव्याच्या ज्योतीने फुगवायचे, पॉलिश पेपरने घासायचे. खाली जे असेल ते नव्या रंगाची बैठक. त्याचा मुलाहिजा कशाला? इथे मात्र जे वाचवायचे ते खालीच होते. ही गोष्ट डोक्याला पटली तरी हाताला पटेना. त्याने सवयीने थिनरची बाटली उघडली आणि मागच्या बाजूला एका कोपऱ्यावर बोळा दाबला. हिरवा रंग तर आलाच, पण त्यासोबत काळाही आला. रेक्झिन गुळगुळीत, चिकट झाले आणि नखाएवढ्या जागेतली नक्षी पुसून गेली. पेंटरने हात असा मागे घेतला की जणू पेटी ओरडली.

बायको आईचे ड्रेसिंग आटोपून बाहेर आली होती. तिने तो कोपरा पाहिला. हातातल्या कापसावर उरलेले स्पिरिट होते, ते पेटीच्या बाजूवर हलकेच फिरवले आणि ओल्या फडक्याने लगेच टिपून घेतले. कापूस हिरवा झाला. खाली काळे रेक्झिन, नक्षीसकट, जसेच्या तसे.

“हे तर काजळासारखं निघतंय,” ती म्हणाली.

पेंटरने बोट लावून पाहिले. रंग अजून किंचित चिकटत होता. बावीस वर्षांत तो पुरता वाळलाच नव्हता. रेक्झिनच्या आतला तेलकटपणा वर येत राहतो आणि ऑईल पेंटला बसू देत नाही, हे त्याच्या धंद्यात पहिल्या वर्षीच शिकवतात. त्यालाही शिकवले होते.

मग काम सुरू झाले. स्पिरिट थोडे, तेही कापसावर; जुन्या टूथब्रशने नक्षीच्या दिशेने दोन वेळा; लगेच ओले फडके. कोपऱ्यांवरच्या पत्र्याच्या पट्ट्यांखाली अडकलेला रंग त्याने दात कोरायच्या काडीने काढला. आयुष्यात प्रथमच तो रंगाखाली काय आहे याची काळजी घेत होता, आणि त्यात त्याला, सांगायला लाजला असता, मजा येऊ लागली. दुपारपर्यंत दोन्ही बाजू आणि पाठ मोकळी झाली. मग त्याने तळ साफ करायला पेटी उलटी केली.

तळाला चार रबरी पायांच्या मधोमध हातभर हिरव्यात एक तळहाताएवढा काळा चौकोन होता. कडा सरळ. घाईत खरवडलेला नव्हता; कुणीतरी सावकाश, जपून साफ केलेला होता, आणि मग थांबलेला. त्या काळ्यावर अर्धे आणि हिरव्यावर अर्धे असे एका कार्यक्रमाच्या सामानाचे लेबल चिकटवलेले होते. पेनने लिहिलेली तारीख फिकटली होती, पण साल वाचता येत होते. एकोणीस वर्षांपूर्वीचे.

पेंटर उकिडवा बसला तो बसूनच राहिला. म्हणजे प्रतिज्ञेनंतर तीनच वर्षांत धाकट्याने परीक्षा घेतली होती. रंग निघतो हे त्याला कळले होते. कुठल्याही दुपारी तो पेटी पुसून, दार ठोठावून आत येऊ शकला असता. त्याऐवजी त्याने ती हिरवी ठेवली आणि कंपाउंडर म्हणवून घेतले. एकोणीस वर्षे.

त्याने बायकोला बोलावून चौकोन दाखवला. बराच वेळ तो आवाज दाबून बोलला: हा माणूस काय लायकीचा आहे, आईला जिन्यात बसवायला याला लाज कशी वाटली नाही, पेटी आहे तशी परत पाठवतो, लेबल वरच्या बाजूला ठेवून. बायकोने सगळे ऐकून घेतले.

“आणि रंग निघेल हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?” तिने विचारले.

पेंटरने स्पिरिटच्या बाटलीचे झाकण शोधण्याच्या निमित्ताने खाली पाहिले. झाकण त्याच्या हातातच होते.

यानंतर जे त्याने केले त्याला शहाणपण म्हणावे की भित्रेपणा, हे ठरवणे अवघड आहे. पुढची बाजू राहिली होती. फार तर पाऊण तासाचे काम. ते त्याने केले नाही. बावीस वर्षांची गोष्ट एका दुपारी मिटली तर ती गोष्ट काय लायकीची होती, असा प्रश्न उभा राहिला असता, आणि तो दोघांनाही परवडणारा नव्हता. अब्रू राखायची तर रंगाने थोडा तरी विरोध करायला हवा. म्हणून त्याने बुधवारी ब्रश धुतले. गुरुवारी पेटी उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात ठेवली. धाकट्याचा वहिनीला रोज फोन येई. फार चिवट आहे, निघता निघत नाही, असे सांगायला पेंटर आतून खुणावत असे. धाकटाही ‘असणारच, असणारच’ म्हणत समाधानाने फोन ठेवत असे.

शुक्रवारी सकाळी आईने सुनेला केस विंचरून द्यायला सांगितले. रविवारला अजून दोन दिवस होते. पेंटर दारात उभा होता, ते तिला दिसले नाही.

“या वेळीही तो बाहेरूनच बोलेल का गं?” तिने विचारले. “मला तिथून एक अक्षर कळत नाही. मी आपली नुसती हो हो म्हणते. वाईट बातमी असली तरी हो म्हटलं असेल.”

पेंटर बाल्कनीत गेला. पुढच्या बाजूला त्याला पाऊण तासही लागला नाही. मग त्याने पेटी पुन्हा उलटी केली. तळावरचे लेबल कोमट पाण्याने भिजवून सोलले, डिंकाचा माग पुसला आणि भोवतीचा हिरवा काढता काढता त्या काळ्या चौकोनाच्या कडेपर्यंत आला. कडेवर कापूस क्षणभर थांबला. पुढे गेला. आता सगळाच तळ काळा होता आणि कोणी कुठून सुरुवात केली होती हे कुणालाही सांगता आले नसते. केलेल्या कामावर सही न करता उठायची त्याची ही पहिलीच वेळ.

फोन त्याने स्वतः लावला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

“निघाला,” तो म्हणाला. “ये.”

पलीकडून धाकट्याचा आवाज आला, “इतक्यात?”

“चार दिवस घासतोय. हटायलाच तयार नव्हता.”

“नसणारच,” धाकटा म्हणाला. त्याच्या स्वरात काहीसा अभिमान होता. “तुझा हात आहे, दादा.”

तो रविवारची वाट न पाहता त्याच संध्याकाळी आला. दारात थबकला. वहिनी “या, भावोजी” म्हणाली तेव्हा त्याने उंबरठा असा ओलांडला, जणू पलीकडे पाणी किती खोल आहे याचा अंदाज नव्हता. प्रथेप्रमाणे आधी पेटी पाहणे आले. त्याने वरून हात फिरवला, बाजूंवरून फिरवला, मग पेटी तिरकी करून तळाखाली हात घातला. तिथे तो हात जरा जास्त वेळ राहिला. पेंटर त्या अवधीत छताचा कोपरा बारकाईने न्याहाळत होता.

“खूप त्रास झाला असेल,” धाकटा म्हणाला.

“झाला खरा.”

एवढ्यावर दोघांनी तो विषय संपवला, आणि दोघेही आईच्या खोलीत गेले. खिडकीतून तिरपे ऊन पलंगावर पडले होते. आईने धाकट्याला जवळ बसवले, त्याचे डोके उजेडाकडे वळवले आणि बराच वेळ पाहत राहिली.

“एवढे पांढरे कधी झाले रे?”

“जिन्यात दिवा बारीक आहे, आई. आणि इस्पितळात तू गुंगीतच होतीस.”

तिने ते ऐकले न ऐकल्यासारखे केले. मग म्हणाली की मागच्या दोन्ही रविवारी तो एवढा वेळ काय काय सांगत होता ते तिला पुन्हा ऐकायचे आहे, पहिल्यापासून, आणि काही गाळायचे नाही. धाकटा घुटमळला. त्याने वहिनीकडे पाहिले. वहिनीने सगळे ऐकलेले होते, म्हणून ती चादरीची घडी करू लागली. हातांना स्पिरिटचा वास येतोय, धुऊन येतो, असे पुटपुटत पेंटर दाराकडे निघाला.

“थांब की,” धाकटा म्हणाला. “बरंचसं तुझ्याबद्दलच होतं.”