वळणावरचा दगड

तो दगड अजूनही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मी तेव्हा परतवाड्याच्या बाजूला ठाणेदार होतो. दिवस मावळताना चढाच्या वळणावर, रस्त्याच्या मधोमध पडलेल्या दगडावर एका तरुणाची मोटारसायकल आदळली. डोक्याला मार लागून तो बेशुद्ध झाला. त्याला अमरावतीला हलवले.

पंचनामा चालू असतानाच ठाण्यात निनावी फोन आला. "दगड आपोआप नाई आला सायेब. वळणाले लागून ज्याचं वावर हाये, त्याले इचारा. धुऱ्यावरून भांडण हाये त्याईचं."

भांडण खरे निघाले; शेताच्या बांधावरून वळणाजवळच्या शेतकऱ्याचा जखमी तरुणाच्या घरच्यांशी वाद होता. त्या शेतकऱ्याला चौकशीसाठी आणले. प्रत्येक प्रश्नाला त्याचे एकच उत्तर होते.

"मी बागेत होतो सायेब. संत्र्याले पाणी देत होतो."

"सोबत कोण होतं?"

"कोनी नाई."

त्याचे हात थरथरत होते. अशी थरथर पाहून नवा अधिकारी गुन्हा उघड झाला असे समजतो. मला तसे वाटत नव्हते, पण खात्रीही नव्हती. बाहेर जखमीचे नातेवाईक जमले होते. "त्याले आमच्या हवाली करा," अशी ओरड सुरू होती. अमरावतीहून वाईट बातमी आली असती, तर त्याच्यावर खुनाचा गुन्हा लागला असता. त्याआधी जमावाने त्याचे घर शिल्लक ठेवले असते का, सांगता येत नाही. खरे सांगायचे तर मलाही भीती वाटत होती.

सकाळी मी जप्त केलेला दगड पुन्हा मागवला. हवालदार म्हणाला, "आता याचा बी जबाब घेता का सायेब?"

दगडाच्या एका अंगाला मोटारसायकलच्या धडकेचा ओरखडा होता. दुसऱ्या अंगाला टायर घासल्याचा काळा डाग होता, दाबून बसलेला. आमच्याकडे चढावर गाडी थांबली की चालक चाकामागे दगड लावतो, कारण हँडब्रेकवर कोणाचाच भरवसा नसतो. निघताना तो उचलून कडेला टाकायचा असतो.

मी प्रवासी जीपच्या स्टँडवर गेलो. काल चढावर कोणाची गाडी थांबली होती, एवढेच विचारले. एक शेतकरी आत बसला आहे, हेही सांगितले. बाकीचे मलाच उलट प्रश्न विचारू लागले. एक चालक मात्र पुसलेलीच काच पुसत राहिला. पुरावा नव्हता, म्हणून मी त्याला काही बोललो नाही.

दुपारी तो स्वतः आला. बाहेरच्या जमावातून वाट काढत आला होता. शर्ट घामाने भिजला होता.

"दगड माह्या गाडीचा व्हता सायेब. इंजन गरम झालं, म्हणून थांबलो. पॅसिंजर कलकल करून राहिले होते. गाडी सुरू झाली अन् तसाच निघालो. उचलाचा राहून गेला."

"सकाळी काहून नाही बोललास?"

"भेव वाटलं. लोकं मारतीन, लायसन जाईन. पोरगी कॉलेजात हाये माही, घरातली पयलीच. तिनं मोबाइलवर बातमी वाचली अन् इचारलं, 'बाबा, तुमी त्याच रस्त्यानं आले ना? तुमाले दगड नाई दिसला?' मी 'नाई' म्हणलं, सायेब. मंग घास उतरला नाई."

त्याचा जबाब घेतला, जीप तपासली, त्या फेरीतले प्रवासी शोधले. सगळे जुळले. निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला. जखमी तरुण अजून शुद्धीवर आला नव्हता, आणि चालकाला ते ठाऊक होते.

शेतकऱ्याला सोडताना दोघे समोरासमोर आले. शेतकरी त्याला म्हणाला, "दगड उचलाले किती येळ लागते रे, भाऊ?"

चालक खाली बसला आणि रडू लागला.

तरुण पुढे वाचला. नोकरीत मी अनेक कबुल्या ऐकल्या. भीती गेली की माणूस खरे बोलतो, असा माझा समज होता, म्हणून मी संशयिताला धीर देत असे. या चालकाला कोणीच धीर दिला नव्हता. जबाबावर सही करतानाही त्याचा हात त्या शेतकऱ्यासारखाच थरथरत होता.