सगळ्या ओळी माझ्या नावावर

चार स्पेस द्यायच्या की दोन, या एका प्रश्नापायी माझं एक अख्खं वर्ष वाया गेलं. हे घरी सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. नवरा म्हणाला, "स्पेस म्हणजे मोकळी जागा ना? मग मोकळ्या जागेवरून काय भांडता?" त्याला काय सांगणार!

अंधेरीतल्या आमच्या छोट्या कंपनीत पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर बनतं. रक्त तपासल्यावर जो रिपोर्ट हातात पडतो, तो आमच्या कोडमधून निघतो. टीममध्ये आम्ही तिघं. एक काका. पन्नाशी उलटलेले, राहायला कुर्ल्याला, मूळ मालवणकडचे. कंपनीतला अर्ध्याहून जास्त कोड त्यांच्या हातचा. दुसरी सांताक्रूझची, तिशीतली, मोठ्या कंपनीतून आलेली, हुशार आणि तितकीच फटकळ. आणि मी, टीम लीड. म्हणजे या दोघांच्या मध्ये उभी राहणारी.

कोड लिहिताना काही ओळी डावीकडून थोड्या आत सरकवतात, वाचायला सोपं जावं म्हणून. काका चार स्पेस सोडायचे, ती दोन. काका महिरपी कंस नव्या ओळीवर उघडायचे, ती आधीच्याच ओळीच्या शेवटी. कॉम्प्युटरला दोन्ही सारखंच. पण आमच्याकडे एकाचा कोड दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही, आणि तपासताना ही दोघं चुका शोधायच्या ऐवजी स्पेस मोजत बसायची. तिने काही लिहिलं की काकांचा शेरा यायचा, "कंस खाली घे." काकांनी काही लिहिलं की तिचा, "दोन स्पेस प्लीज." एकाने दुसऱ्याच्या फाइलला हात लावला की जाता जाता सगळी फाइल आपल्या पद्धतीने लावून द्यायची. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने ती परत उलटी करायची.

मी मीटिंग घेतली. एकदा नाही, पाचदा.

"काका, जगात सगळे दोनच देतात यार," ती म्हणाली.

"जगाक खंय माझो कोड वाचूचो आसा?" काका म्हणाले.

"मला वाचायचाय ना!"

"मग चष्मो लाव."

मी म्हणाले, "अरे, तुम्ही दोघं एक काहीतरी ठरवा, मी डोळे मिटून सही करते." दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच भांडण लावलं होतं.

मग घाटकोपरच्या एका लॅबमधून डॉक्टरीणबाईंचा फोन आला. आठ महिन्यांच्या बाळाच्या रिपोर्टवर वय आठ वर्षं छापलं होतं, आणि नॉर्मल आकडे त्या वयाचे. त्यांच्या वेळीच लक्षात आलं म्हणून रिपोर्ट बाहेर गेला नाही. मला मात्र त्यांनी चांगलंच झापलं. ती चूक ज्या बदलात होती तो मी उघडून पाहिला. तिने लिहिलेला, काकांनी तपासलेला. खाली शेऱ्यांची ही रांग. सगळे कंसांबद्दल. वयाच्या ओळीवर एक अक्षर नाही.

माझं डोकंच फिरलं. शनिवारी दुपारी, मुलुंडच्या घरी, नवरा मुलीला पोहायला घेऊन गेला असताना मी लॅपटॉप उघडला. फॉरमॅटर नावाचा एक प्रोग्राम असतो, तो सगळा कोड एकाच पद्धतीने लावून देतो. स्पेस काकांच्या चार, कंस तिच्या पद्धतीने. कुणालाही न विचारता मी तो सगळ्या फाइलींवर चालवला आणि बदललेल्या फाइली मुख्य कोडमध्ये टाकून दिल्या. चहा गार होण्याआधी काम संपलं. फार बरं वाटलं.

ते सोमवार सकाळपर्यंत टिकलं.

तिचं तीन आठवड्यांचं काम अजून मुख्य कोडमध्ये जायचं होतं. आता तिच्या फाइली आणि माझ्या बदललेल्या फाइली कुठेच जुळेनात. "वाट लावलीस तू माझी," एवढंच म्हणाली, आणि दोन दिवस कानात हेडफोन घालून एकेक ओळ जुळवत बसली.

काका एक कागद घेऊन आले. कोडमधला नॉर्मल आकड्यांचा तक्ता होता तो. पुरुष, बाई, मूल, असे रकाने त्यांनी स्पेस देऊन एकाखाली एक नीट लावले होते. फॉरमॅटरने त्या स्पेस खाऊन टाकल्या होत्या. "वाच गो आता," ते म्हणाले. मी वाचायला गेले आणि तिसऱ्याच ओळीत हरवले. "आकडो चुकलो तर रांगेबाहेर दिसायचो माका," काका म्हणाले. आवाज चढलाच नव्हता, म्हणून जास्त लागलं. तो तक्ता मी होता तसा परत केला आणि फॉरमॅटरला त्या फाइलीत जायची बंदी घातली.

पण खरी शिक्षा पुढेच होती. कोडची कुठली ओळ शेवटी कुणी बदलली, हे कॉम्प्युटर लिहून ठेवतो. या सोयीचं नावच इंग्रजीत 'ब्लेम' आहे. त्या शनिवारपासून जवळजवळ सगळ्या कोडवर माझं नाव लागलं. कुठे काही बिघडलं की सपोर्टचा माणूस ओळ बघायचा आणि मला फोन लावायचा. "मॅडम, ही ओळ तुमची आहे." ती ओळ मी जन्मात पाहिलेली नसायची. दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसलेली असतानाही फोन आला.

मग मी काकांच्या खुर्चीशी जाऊन उभी राहायची. "काका, हे काय आहे?"

"तुझी ओळ, तू सांग," ते म्हणायचे. आणि मग खुर्ची सरकवून, पंधरा मिनिटं का होईना, सगळं समजावून द्यायचे. त्यांचा निम्मा कोड मला असाच कळला.

पाच महिन्यांनी जेवताना मी पुन्हा याचंच रडगाणं गात होते. सांताक्रूझवालीने डबा बंद करता करता म्हटलं, "अगं, पण तुझा तो शनिवारचा बदल सोडून नावं दाखव, असं कॉम्प्युटरला सांगता येतं ना. एका ओळीची सेटिंग आहे."

"तुला हे कधीपासून माहितेय?"

"पहिल्यापासून. मला वाटलं तुलाही माहितेय."

काका पोळीचा तुकडा तोंडाशी धरून हसायला लागले, इतके की ठसका लागला. मी त्यांना पाणी दिलं आणि जागेवर जाऊन ती सेटिंग केली. फोन मात्र अजून मलाच येतात. लोकांना नंबर पाठ झालाय.