माघ्याचा वीर आणि माघ्या

माघ्या मेला तेव्हा पाड्यात भाताची झोडणी चालली होती. खळ्यावर ऊन आलं तशी त्याची बायको पोशी दारात आली आणि म्हणाली, "गेला." बाया कामं टाकून आल्या. कुणी पाणी तापवलं, कुणी हळद वाटली. पण पुरुषांतला एकही जण तिरडीचे बांबू तोडायला उठला नाही. सगळे बुधा भगताच्या तोंडाकडे बघत बसले, आणि बुधा भगत बघत बसला सीमेकडे.

सीमेवर माघ्याचा वीर उभा होता.

पुरुषभर उंचीची सागाची फळी. वर सूर्य नि चंद्र, खाली घोड्यावर बसून तलवार उगारलेला माणूस. जो दूर मुलखात नाहीतर लढाईत मरतो त्याचा जीव भटकत राहू नये, म्हणून त्याला असा फळीत बसवायचा. मग तो वीर होतो आणि पाड्याची राखण करतो. माघ्याला फळीत बसवून चौदा वर्षं झाली होती.

त्याचं झालं असं. जव्हारात राजाचा अंमल होता आणि दूर कुठेतरी जर्मनची लढाई लागली होती. इगतपुरीला रेल्वेच्या कामावर गेलेला माघ्या तिथूनच पलटणीत भरती झाला. बंदूक त्याच्या हाती कधी आलीच नाही. त्याचं काम जखमी उचलायचं. दोघांनी मिळून डोली धरायची, गोळ्यांतून वाकून पळायचं, कण्हणारा माणूस दवाखान्याच्या तंबूत टाकायचा आणि पुन्हा मागे. वर्षभराने त्याच्यासोबत गेलेला पोशेरा गावचा एक जण लंगडत परतला. म्हणाला, समुद्रापलीकडे, बसऱ्याच्या पुढे तोफेचा गोळा पडला, माघ्या पडला, या डोळ्यांनी बघितला. पाड्याने दिवस घातले, वीर बसवला. पोशीच्या बांगड्या फुटल्या.

आणि दोन वर्षांनी माघ्या चालत आला.

सीमेवर थांबला. जवळच्या शेतात तण बेणणाऱ्या बाईला त्याने विचारलं, "हा कुणाचा गं?"

बाईने मानही वर केली नाही. "माघ्याचा. त्या पोशीचा घरवाला."

माघ्याने फळी वरपासून खालपर्यंत न्याहाळली. मग म्हणाला, "घोडा कुणी दिला त्याला?"

पाड्याला आनंद झाला, आणि घोरही लागला. वीर बसला त्या सालापासून वाघाने एकही जनावर नेलं नव्हतं. बुधा भगताने निवाडा दिला, बसलेला वीर उठवता येत नाही. तो राहू दे, हाही राहू दे. दर वाघबारशीच्या सणाला फळीपुढे कोंबडा कापायचे आणि माघ्या पंगतीत बसून आपल्याच नैवेद्याचं हाड चोखायचा. त्याचा चुलतभाऊ पुंजा, पाड्याचा कारभारी, हसायचा. "दादा, देवही तूच, भगतही तूच. तुझी चैन हाय."

चैन म्हणाल तर अशी की पुढच्या साली पटकी आली. घराघरात माणसं आखडून पडली. प्रेताला हात लावायला कुणी धजेना. तेव्हा हाच पुंजा दारात आला, उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"दादा, तुला काय भ्यायचा? तू तं मेलेलाच हायेस."

माघ्या उठला. त्या महिन्यात त्याने अकरा माणसं उचलली, पुंजाचा बाप त्यातलाच. मग रीतच पडली. कुणी झाडाला लटकला, बोलवा माघ्याला. कुणी डोहात फुगून वर आला, बोलवा माघ्याला. जिवंतांनाही तोच न्यायचा. एका बांबूला घोंगडी बांधून डोली केली की रात नाही, पाऊस नाही, जव्हारच्या दवाखान्याची वाट. दुसऱ्या टोकाला खांदा द्यायला कुणी नसलं की पोशी असायची. शेजारच्या रुपीचं मूल आडवं आलं तेव्हा दोघांनी तिला अशीच नेली. मूल गेलं, रुपी वाचली.

लढाईचं तो बोलत नसे. एकदाच बोलला, भाकरी खाता खाता. "तीन दिस पडून होतो मी मेलेल्यांत. आम्ही उचलणारे, आम्हाला उचलायला कुणी नाय. पोशे, मला पडून राहू देऊ नको."

आणि आज तो पडून होता. ऊन डोक्यावर आलं होतं.

पोशी बुधा भगतापुढे येऊन बसली. "बाबा, बांबू तोडा."

"कसा तोडू? त्याचे दिस झाले. त्याचा जीव त्या फळीत हाय. एका माणसाचे दिस दोनदा केले तं वीर उठेल, पाडा खाईल."

"मग आत पडलाय तो कोण?"

उत्तर पुंजाने दिलं, आणि ते त्याने सकाळपासून जुळवून ठेवलं असावं. "वयनी, एक वाट हाय. तू वीरापुढे उभी राहून सांग, हा तो नाय. बसऱ्याहून कुणी परका आला, मी ठेवून घेतला, इतका सांग. मग परका म्हणून आम्ही त्याला नेऊ. चार खांदे देऊ. काय कमी करणार नाय."

"आणि नाय सांगितला तं?"

"तं त्याला हात लावता येणार नाय, वयनी. मला पोरंबाळं हायेत."

"तुझा बाप त्याने उचलला तेव्हा त्याला बायको नव्हती का रे?"

रुपी दाराशी उभी होती. ती म्हणाली, "पोशीबाय, सांगू नको. लोक म्हणतील, परका घरात घेऊन निजली."

"म्हणतील." पोशी उठली. आत गेली. माघ्याच्या तोंडावर माशा बसत होत्या. तिने पदराने त्या हाकलल्या. त्या परत बसल्या.

ती बाहेर आली आणि सरळ सीमेकडे चालू लागली. पाडा मागोमाग निघाला. फळीपुढे ती उभी राहिली. नवऱ्याचं नाव तिने जन्मात घेतलं नव्हतं. हाक मारायची झाली तर "ऐकतोस का", नाहीतर नुसती बांगडी वाजवायची.

"तो माघ्या नाय," ती म्हणाली. मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून बुधाने पुन्हा सांगायला लावलं. तिने पुन्हा सांगितलं. "घरात पडलाय तो माघ्या नाय. कुणी परका हाय. मी ठेवलेला."

मग मात्र पाडा धावला. बांबू आले, नवं कापड आलं, पलीकडच्या दोन पाड्यांतले लोक खळी सोडून आले. खांदा द्यायला इतके जण की चार पावलांवर माणूस बदलत होता. पुंजा पुढचा खांदा शेवटपर्यंत सोडेना.

नदीकाठी लाकडं रचली. पेटवण्याआधी एकेकाने पळसाच्या द्रोणातून तोंडात पाणी घालायचं आणि मेलेल्याला नाव घेऊन सांगायचं, पी. पण नाव कुठून आणायचं? पहिला पुंजाच अडला. द्रोण हातात घेऊन उभा राहिला. मग म्हणाला, "माझ्या बापाला उचलणाऱ्या, पी."

रुपी म्हणाली, "मला जव्हारला नेणाऱ्या, पी."

कुणी म्हणालं, माझी लेक पुरणाऱ्या. कुणी म्हणालं, माझ्या भावाला डोहातून काढणाऱ्या. एक म्हातारा नुसताच रडला आणि पाणी त्याच्या स्वतःच्याच पायावर सांडलं. उन्हं कलली तरी रांग संपत नव्हती.

शेवटी पोशी आली. बुधा भगताने द्रोण भरून तिच्या हातात दिला. तिचे ओठ हलतील म्हणून तो थांबला. "सांग पोशे, कोण?"

"माझा नाव सांगून झाला वीरापुढे, बाबा," पोशी म्हणाली. "सरक आता, त्याला तहान लागली असंल."