कॅनॉलच्या उतारावरची बेरिंगची गाडी

माझा दादा वारला, त्याला अजून महिना झाला नाही. पण घरी भेटायला येणारा प्रत्येक जण बेरिंगच्या गाडीचाच किस्सा काढतो. एक संपला की दुसरा तयार! रडायला म्हणून बसतो आणि पोट धरून हसतो.

आमच्या खुटबावात दादाचा दोस्त सलीम, त्याच्या अब्बांचं ट्रॅक्टरचं गॅरेज. तिथली बाद बेरिंगं, वर फळी, वळवायला दोरी. झाली गाडी! ती कॅनॉलच्या पुलावरून उताराला सोडायची. पुढं दादा, मागं मी. ब्रेक म्हणजे माझे पाय!

*

आमची फळी म्हणजे घरातला जेवायला बसायचा पाट. एकदा मामा जेवायला आले. आई पाट शोधून दमली.

मामा दारातून म्हणाले, "आक्का, पाट त्यो काय चाललाय! वर पोरं बसल्यात!"

*

एकदा ग्रीस मिळालं नाही. दादानं बेरिंगात आईचं तूप घातलं. गाडी सुटली आणि गावातली सगळी कुत्री मागं! मी पाय वर घेतले. गाडी थेट शेजारच्या आप्पांच्या उसात.

आप्पा ओरडले, "ब्रेक का न्हाई लावला रं?"

मी म्हणालो, "कुत्र्यानं ब्रेक खाल्ला असता की!"

*

शर्यत लावली की सलीम त्याच्या गाडीवर कायम पहिला. दादा चिडायचा, "तू न्हाई, तुझ्या अब्बाचं गॅरेज पळतंय!"

"मंग तू पण गॅरेजात जन्माला यायचं!"

'तू पहिला आलास' हे सलीमच्या तोंडून एकदा तरी ऐकायचं, एवढंच दादाच्या डोक्यात होतं.

*

आणि एकदा आम्ही खरंच पुढं होतो! तेवढ्यात गावातल्या आबांची मेंढरं आडवी आली. दादानं गाडी कशीबशी वळवली. एक कोकरू उडालं ते थेट दादाच्या मांडीवर. तसेच आम्ही रेघेपार!

सलीम मागून ओरडला, "बाद! गाडीवर दोघंच पायजेत, तुम्ही तिघं हाय!"

"आरं, कोकरू हाय ते!"

"मंग? जीव न्हाई का त्याला?"

निकाल लागलाच नाही. दादाचं लग्न झालं, पोरगी झाली, तरी तो रोज संध्याकाळी गॅरेजवर जायचा आणि दोघं त्याच्यावरच भांडायचे.

दहाव्याला सलीम आला. खाली बघत म्हणाला, "त्या दिवशी पहिला तुझा दादाच होता."

मी त्याची कॉलर धरली. "मंग त्यो होता तवा का न्हाई बोललास?"

"बोललो असतो, तर रोज भांडायला आला असता का त्यो?"